सापडलेलं नाव-गावासकट ठेवायचं

परवा जुना लॅपटॉप मुलीला द्यायचा म्हणून साफ करायला घेतला आणि त्यात बुकमार्कचं एक फोल्डर सापडलं, नाव होतं 'भारी'. 2012-13 पासून रात्री जेवणंखाणं आटोपलं की मी नेटवर भटकायचे आणि जे काही वेगळं, कुणीतरी जीव लावून केलेलं दिसेल ते त्यात टाकून द्यायचे. दोन तास बसून एकेक लिंक उघडली. निम्म्याहून जास्त मेल्यात. एक बाई वाळलेल्या पिंपळपानावर सुईने चित्रं काढायच्या, पानाची जाळी तशीच ठेवून, त्यांचं पेज गेलं. एक जण फक्त जुन्या कुलपांचे फोटो टाकायचा, आतला खटका कसा बसतो ते उघडून दाखवायचा, तेही गेलं. आणि खरं वाईट कशाचं वाटलं तर मी कुणाचं नावच लिहून ठेवलं नव्हतं. 'भारी', 'भारी 2', 'हे परत बघ' एवढंच. आता शोधायचं तरी काय म्हणून?

हे माझ्या एकटीचं नाहीये. प्यू रिसर्च सेंटर नावाच्या अमेरिकन संस्थेने 2024 मध्ये मोजून सांगितलं की 2013 साली जी वेबपेजेस होती त्यातली 38 टक्के दहा वर्षांनी उघडतच नव्हती. दहा वर्षांत! आमच्या घरात आजोबांच्या काळातली पोथी अजून आहे, वाळवी लागलीये पण आहे.

तर मी आता वही करते. किराणा दुकानात उधारीची असते ना तशी लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची. नेटवर काही सापडलं की चार गोष्टी लिहायच्या: काय आहे, कुणी केलंय, कुठलं आहे, मला कधी सापडलं. लिंक त्यानंतर. लिंक मेली तरी नावावरून माणूस परत सापडतो हे मला आता कळलंय.

वहीच्या पहिल्या पानावर एक कॉफीचं भांडं आहे. केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ट्रोजन रूम म्हणून एक खोली होती, तिच्या बाहेर कॉफीचं मशीन. बाकीच्या मजल्यांवरची मंडळी जिने चढून यायची आणि भांडं रिकामं. मग 1991 मध्ये त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि आपापल्या कॉम्प्युटरवर बसल्या जागी कॉफी उरलीये का ते बघायला लागले. चित्र केवढं, तर 128 गुणिले 128 पिक्सेल, तेही काळंपांढरं. 1993 मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरातली माणसं ते भांडं बघायला लागली. ऑगस्ट 2001 मध्ये कॅमेरा बंद झाला आणि भांडं लिलावात 3,350 पौंडांना गेलं, एका जर्मन मासिकाच्या वेबसाइटवाल्यांनी घेतलं. आज ते जर्मनीत पाडेरबोर्नच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये ठेवलंय. मला यात काय आवडतं सांगू का, त्या कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम कुणी लिहिला त्यांची नावं माहितीयत (क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल यार्देत्स्की), खोली माहितीये, साल माहितीये, भांडं आत्ता कुठे आहे तेही माहितीये. एका साध्या कॉफीच्या भांड्याचा एवढा पत्ता जपला लोकांनी.

आणि आपल्या ग्रुपवर काय चालतं? रांगोळीचा अप्रतिम व्हिडिओ येतो, काढणाऱ्या बाईचे फक्त हात दिसतात, नाव नाही. चित्र येतं तर कोपऱ्यातली सही कापलेली, चित्र कापल्याचंही कळत नाही एवढी सफाईने. कुणा साध्या माणसाने मनापासून लिहिलेली कविता येते आणि खाली नाव कुठल्यातरी मोठ्या कवीचं, कारण त्याशिवाय ती कुणी वाचत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, इंटरनेटवर टाकलं म्हणजे ते सगळ्यांचंच झालं ना." मी त्याला म्हटलं, अरे आपण कुणाकडे जेवायला गेलो तर आमटी कुणी केली हे विचारतो की नाही? बघायला सगळ्यांचं आहे, कबूल, पण केलंय तर कुणीतरी एकानेच ना. मला हे चोरीपेक्षा वाईट वाटतं, कारण चोराला निदान मालक माहीत असतो.

नीट जमवणं म्हणजे काय हे मला शिकवलं जात्यावरच्या ओव्यांनी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या गावोगाव हिंडून बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या, नंतर रेकॉर्ड केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या! हजारावर गावं, तीन हजारांवर बाया. ते दोघंही आता नाहीत, पण हे सगळं पारी नावाच्या वेबसाइटवर आहे, 2017 पासून तिथे एकेक करून येतंय. मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा ऐकायला म्हणून उघडलं होतं, पण अडकले ती खालच्या माहितीत. गाणारीचं नाव. गाव. तालुका. जिल्हा. वय. मुलं किती. काम काय, तर शेती, मजुरी. रेकॉर्डिंग कोणत्या तारखेला केलं. ती माहिती वाचली आणि परत ऐकलं तर आवाज वेगळाच वाटायला लागला, म्हणजे बाई समोर बसल्यासारखी झाली. माझी आजी मुळशीकडची, पहाटे दळायची, ती काय गायची ते आमच्यापैकी एकानेही लिहून घेतलं नाही, आम्हाला वाटायचं त्यात काय एवढं. मुळशी तालुक्यातल्या बायकांच्या कितीतरी ओव्या तिथे आहेत. 'सांगते बाई तुला' म्हणताना शेवटचा शब्द जो खाली सोडून द्यायची ना आजी, तस्साच सोडतात. मी त्या रात्री हेडफोन लावून स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहूनच ऐकत होते, किती वाजले कळलं नाही.

अशी सवय असलेल्या जागा नेटवर अजून आहेत, आणि मी त्याच परत परत उघडते. झेनो-कॅन्टो म्हणून पक्ष्यांच्या आवाजाची साइट आहे, 2005 पासूनची, जगभरातली माणसं आवाज रेकॉर्ड करून टाकतात. पावशाचं 'पेर्ते व्हा' ऐकायचंय तर ऐका, पण सोबत कुणी, कुठल्या जागी, किती वाजता टिपलं हेही दिसतं. विंडो स्वॉप 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सिंगापूरच्या एका जोडप्याने सुरू केलं, कुणीही आपल्या खिडकीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा आणि आपण दुसऱ्याच्या खिडकीतून बघत बसायचं, तर तिथेही खिडकी कुणाची आणि गाव कोणतं हे वर लिहिलेलं असतं. रेडिओ गार्डनवर पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबलं की त्या गावचं रेडिओ स्टेशन लागतं. भाषा ओ की ठो कळत नाही, पण गावाचं नाव समोर असतं आणि तेवढ्याने पुरतं.

आता ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट सांगते. इंटरनेट आर्काइव्ह ही ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेली संस्था, तिचं वेबॅक मशीन आहे. त्यात मेलेल्या पेजचा पत्ता टाकला तर खूपदा जुनी प्रत निघते, आणि आवडलेलं पेज आपण स्वतःही तिथे सेव्ह करून ठेवू शकतो, एक मिनिटाचं काम, फुकट. पिंपळपानवाल्या बाईंचं पेज मी तिथे शोधलं. पहिलं पान निघालं, चित्रांच्या जागी रिकामे चौकोन, पण खाली बारीक अक्षरात त्यांचं नाव आणि गाव होतं. वहीत लिहिलं. आता पत्ता शोधतेय.

आणि हे ज्याच्यासाठी लिहायला बसले ते आता. मागच्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक ऑडिओ आला, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असलेला. एक म्हातारी बाई गातेय, जात्याची घरघर आहे, दर फेऱ्याला बांगड्या वाजतात. मध्येच एक पोरगं पाणी मागतं, ती गाणं न तोडता "आले रं" म्हणते आणि त्याच सुरात पुढची ओळ उचलते. सव्वादोन मिनिटं आहे. ज्यांनी पाठवला त्यांना विचारलं, त्यांनी त्यांना पाठवणाऱ्यांना विचारलं, चार माणसांपर्यंत मागे गेले आणि तिथे धागा तुटला. शब्दांवरून मला ती मावळातली वाटते, पण खात्रीने नाही सांगता येत. वहीत तारीख लिहिलीये, 'ओवी, जात्यावर, म्हातारी बाई, सोबत लहान मुलगा' लिहिलंय, पुढचे दोन रकाने रिकामे आहेत.

ऑडिओ पहिल्या कमेंटमध्ये टाकतेय. कुणाला आवाज ओळखू आला तर सांगा, नुसतं गावाचं नाव कळलं तरी मी पुढे विचारत जाईन.