डबा उलटा करण्याआधी

अनोळखी माणसाला डबा विकणं सोपं असतं. चुलतजावेला विकून दाखवा.

आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणात मात्र याच्या बरोबर उलट सांगितलं होतं. ‘सुरुवात नात्यागोत्यात करा, घरची माणसं सांभाळून घेतात.’ सांगणाऱ्या मॅडम गोड होत्या, पण त्यांना सासर नसावं. माझ्या सासरचं गोत ठाण्यात नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत पसरलेलं आहे आणि त्यात सांभाळून घेणारं माणूस मी अजून शोधते आहे. ही मंडळी लग्नाच्या जेवणात मठ्ठ्याला मीठ कमी पडलं तर ती गोष्ट पुढच्या पिढीच्या हवाली करून जातात. त्यांच्यापुढे उभं राहून मला म्हणायचं होतं, ‘ताई, हा डबा बघा, यात कुरडया भर पावसाळ्यात सादळत नाहीत.’

हा धंदा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणा एकीच्या घरी दहा-बारा जणी जमतात. घरची बाई पोहे करते. आपण टीपॉयवर डबे मांडायचे, झाकणं लावून-काढून दाखवायची, दोरी ओढून चॉपरमध्ये कांदा चिरून दाखवायचा, मग कॅटलॉग फिरवायचा आणि ऑर्डरी लिहून घ्यायच्या. जशी विक्री होईल तशी घरच्या बाईला भेटवस्तू, म्हणजे तिच्या पोह्यांचा खर्च निघतो. या प्रकाराला पार्टी म्हणतात. का ते मला विचारू नका, कारण त्या पार्टीत घाम फुटलेली मी एकटीच असते.

मूळ हे सगळं अमेरिकेतलं. अर्ल टपर नावाच्या गृहस्थांनी १९४६ मध्ये आपले प्लॅस्टिकचे डबे बाजारात आणले. दुकानात ते खपेनात. झाकण दाबून आतली हवा काढायची असते, हे फळीवरच्या डब्याकडे नुसतं बघून कुणाला कळणार? कुणीतरी करून दाखवायला हवं होतं. ते ब्राउनी वाइज या बाईंनी केलं. नवऱ्यापासून घटस्फोट घेतलेल्या, पदरी एक मुलगा. लोकांच्या दिवाणखान्यात बसून त्या इतके डबे खपवायला लागल्या, की १९५१ मध्ये टपरवेअरने दुकानंच सोडली आणि फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायचं ठरवलं. १९५४ मध्ये बाई ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर आल्या. तिथे झळकलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९५८ मध्ये कंपनीने त्यांना काढून टाकलं, पण हा भाग आमच्या प्रशिक्षणात नव्हता, तो मी नंतर वाचला. ब्राउनीबाई म्हणे रसाने भरलेला बंद वाडगा भर खोलीत फेकायच्या आणि झाकण हलायचं नाही. मी ते कधीच करणार नाही. घोडबंदरच्या बाजूला सोफे पांढरे असतात.

आता घाबरण्याविषयी. डबे पिशवीत भरताना मी ठीक असते. रिक्षात बसले की पोटात गोळा येतो आणि लिफ्टचं दार उघडेपर्यंत तोंडाचं पार वाळवंट झालेलं असतं. याला शास्त्र आहे. संकट आलं की शरीर अ‍ॅड्रिनालिन सोडतं, रक्त हातापायांच्या बोटांकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन नंतर बघू म्हणून लाळ आटते आणि तळव्यांना घाम येतो. येऊरच्या जंगलातून बिबट्या समोर आला असता तर ही सगळी तयारी कामाला आली असती. पण माझ्या समोर असतात सहा साड्या, चार कुर्ते आणि एक पोह्यांची बशी, आणि मला पळायचं नसून गुळगुळीत झाकण घट्ट लावायचं असतं. गार, ओल्या हातांनी. निसर्गाने हा डेमो लक्षातच घेतलेला नाही.

माझ्या मुलीने यावर उपाय शोधून आणला. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स या बाईंचं २०१४ मधलं संशोधन. लोकांना गायला आणि भाषण करायला लावलं, आणि ज्यांनी आधी ‘मी शांत आहे’ म्हणण्याऐवजी ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हटलं, त्यांचं काम सरस झालं. कारण धडधड दोन्हीकडे तीच असते. ती शांत करत बसण्यापेक्षा तिला दुसरं नाव देणं सोपं. मला हे मनापासून पटलं. मी लिफ्टमध्ये एकटी असल्याचं बघून आरशाकडे तोंड केलं आणि म्हटलं, ‘मला उत्साह वाटतोय. मला फार उत्साह वाटतोय.’ तेवढ्यात चौथ्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर पिशवी घेतलेले एक आजोबा उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या डब्यांच्या चळतीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘जा तुम्ही, मी पुढच्या लिफ्टने येतो.’

खरा रोग शोधला तो सासूबाईंनी. सराव म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना समोर बसवलं.

‘आई, डेमो देऊ का?’

‘दे. मालिका लागेपर्यंत दे.’

मी सगळं केलं. डब्यात पाणी भरलं, झाकण लावलं, उलटा करून हलवला, चॉपरची दोरी ओढली, कांदा बारीक झाला. सासूबाई हाताची घडी घालून बघत होत्या.

‘छान. किंमत का नाही सांगितलीस?’

‘सांगितली ना, आई.’

‘मला नाही ऐकू आली. आणि माझे कान शाबूत आहेत. डब्याचं कौतुक करतेस तेव्हा आवाज खाली वाण्यापर्यंत जातो. रुपये आले की देवासमोर पुटपुटल्यासारखं करतेस. वर लगेच “पण परवडत नसेल तर राहू दे हं” म्हणतेस. अगं, त्यांनी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही!’

मी गप्प झाले, कारण ते शंभर टक्के खरं होतं. मला लोकांपुढे बोलायची भीती नव्हतीच. शाळेत मी वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं घेतलेली आहेत, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून अख्ख्या कमिटीला गप्प केलेलं आहे. जांभळी नाक्याच्या बाजारात दहा रुपयांसाठी मी अर्धा तास भांडू शकते. पण ते घेणारीच्या बाजूने. ज्या घरात हळदीकुंकू लावून घ्यायचं, पोहे खायचे, ‘आणखी घे गं’ ऐकायचं, त्याच घरात त्याच बाईला ‘सहाशे चाळीस रुपये’ असं तोंडावर सांगायचं, हे माझ्या घशातून उतरत नव्हतं. आमच्या माहेरी पाहुण्यांसमोर पैशांचा विषय निघाला की आई चहा ठेवायला आत जायची.

सासूबाईंनी तालीम सुरू केली. ‘भाजीवाला लाजतो का? साठ रुपये पाव, साठ रुपये पाव, असं भर रस्त्यात ओरडतो. आत जा, भांडी घासता घासता म्हण.’ मी म्हणायला लागले. सहाशे चाळीस. चारशे पंचवीस. सेट अकराशे. आधी हळू, मग जरा मोकळ्या आवाजात. थोड्या वेळाने शेजारच्या वहिनी दारात आल्या. ‘सगळं ठीक आहे ना? पैशांवरून काही झालं का? मी ह्यांना पाठवू का?’

दुसरा नियमही सासूबाईंचाच. किंमत सांगितली की तोंड मिटायचं. पाणी प्यायचं, पण शब्द काढायचा नाही. हा नियम ऐकायला सोपा आहे.

मोठी परीक्षा झाली मानपाड्याच्या एका टॉवरमध्ये, वर उल्लेख केलेल्या चुलतजावेकडे. संक्रांत नुकतीच झालेली. रथसप्तमीपर्यंत ठाण्यात बायकांच्या दुपारी मोकळ्या नसतात, म्हणून तिने हळदीकुंकू आणि माझे डबे एकाच वेळी उरकायचं ठरवलं होतं. फाटकावर वॉचमनने इंटरकॉम उचलला आणि अख्ख्या लॉबीला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘मॅडम, डब्बेवाली आयी है, भेजूं क्या?’ थेट विक्रीबाबत सरकारचे २०२१ चे नियम आहेत. विक्रेत्याने ओळखपत्र बाळगायचं आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. मी नियम पाळणारी आहे, म्हणून ओळखपत्र गळ्यात घालूनच आत गेले. जावेने ते हातात घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘अय्या, फोटो कधीचा गं हा? ओळखूच येत नाहीस.’

तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं, अत्तर झालं. मी उभी राहिले. उभं राहायचं नसतं हे तेव्हाच कळलं. उभं राहिलं की बाकीच्या बसलेल्या असतात आणि आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असतो. मी सरळ गालिच्यावर मांडी घातली आणि पहिला डबा पुढे ओढला. सतरंजीवर बसून डाळी निवडताना कुणी घाबरलेलं मी पाहिलेलं नाही.

पाणी भरून झाकण लावते आहे तोच कोपऱ्यातून आवाज आला, ‘जांभळी नाक्याला अगदी असाच डबा दीडशेला मिळतो.’

बोलणाऱ्या काकू निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. खोली एकदम जागी झाली. इतका वेळ कॅटलॉगने वारा घेणाऱ्यासुद्धा सरसावून बसल्या. प्रशिक्षणात अशा वेळी ‘गुणवत्तेतला फरक समजावून सांगा’ असं शिकवलेलं होतं. माझी जीभ टाळूला चिकटलेली, कसला फरक समजावते! हातात डबा होता, तो मी काकूंकडे सरकवला आणि कशीबशी म्हटलं, ‘काकू, तुम्हीच लावून बघा ना झाकण.’

काकूंनी डबा घेतला, चष्मा वर केला आणि सगळी नोकरी पुन्हा अंगात आली. ‘इकडे बघा सगळ्यांनी. अगं, बोलणं थांबवा तिकडचं. हे असं मधे दाबायचं. मग कडा. चारी बाजूंनी. आता उलटा.’ डबा उलटा झाला. पाण्याचा थेंबही पडला नाही. ‘दिसलं का मागे?’ मागच्या दोघींनी दिसलं म्हणून मान हलवली. माझे हात रिकामे झाले आणि रिकाम्या हातांबरोबर थरथरही गेली. मी पोहे खाल्ले.

मग एकीने विचारलं, ‘हळदीचा डाग पडतो का?’

‘पडतो,’ मी म्हणाले. मॅडम असत्या तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. पण हा एक शब्द बाहेर पडला आणि सगळ्यांचे चेहरे मवाळ झाले. जावेच्या सासूबाई सोफ्याच्या टोकाला जप करत होत्या, त्यांनी माळ थांबवली. ‘उन्हात ठेवायचा गं. दोन दिवसांत जातो.’ आणि ते खरंच आहे. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन उन्हात फिकं पडतं. त्यावरून गाडी लोणच्याच्या वासावर गेली, तिथून कुणाच्या सुनेने कढी ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यावर, तिथून मायक्रोवेव्हवर. एका तरुण आईने डबा उलटा करून बुडाशी त्रिकोणात ५ आकडा शोधला, तो पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकचा असतो एवढं मी सांगितलं आणि ती स्वतःच चौघींना समजावत बसली. मी नुसती लिहून घ्यायला बसले होते.

शेवटी कुणीतरी विचारलंच, ‘केवढ्याला?’

‘सहाशे चाळीस!’

भांडी घासतानाचाच आवाज लागला. आतल्या खोलीत झोपलेलं बाळ दचकून उठलं. आणि मग मी तोंड मिटलं.

ती शांतता मी कुणाच्या वाट्याला चिंतणार नाही. ‘राहू दे हं’ हे तीन शब्द माझ्या दातांच्या मागे येऊन धडका देत होते. मी पाणी प्यायले. पेला संपला, तरी मी तो तोंडाला तसाच लावून ठेवला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. एकीने बांगड्या मागे सारल्या. एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने छताकडे. पेल्याच्या काठावरून मला फक्त काकूंचा चष्मा दिसत होता.

‘दोन लिही,’ तरुण आई म्हणाली. पाठोपाठ आणखी एक, मग चॉपर, मग ‘वाणाला पंचवीस लहान डब्या मिळतील का, पण पन्नासच्या आत’ असा एक आशावादी प्रश्न. त्या किमतीत आमच्याकडे झाकणही मिळत नाही, आणि तेही मी स्पष्ट आवाजात सांगितलं. चुलतजावेने काहीच विकत घेतलं नाही. तिला भेट मिळाली, तीही तिने रंग बदलून मागितली.

मी पिशव्या आवरत असताना काकू जवळ आल्या. ‘आमची भिशी असते. सोळा जणी. सगळ्या शिक्षिका होतो आम्ही. पुढच्या शनिवारी माझ्याकडे येशील?’

‘येते की, काकू!’

‘ये. आणि हो, तो जांभळी नाक्याचा दीडशेचा डबा मी आणून ठेवते. दोन्हींत पाणी भरू, दोन्ही एकदम उलटे करू. मुलींना फरक कळायला हवा.’

मी हसून ‘चालेल’ म्हणाले. खाली जाताना लिफ्टमध्ये एक बाई आणि तिचा शाळेतला मुलगा होता. ‘मला उत्साह वाटतोय,’ मी त्यांना सांगितलं.