‘अवर’ अहोरात्रातून निघालेला नाही

‘अवर’ म्हणजे आपलं अहोरात्र, ‘कॅलेंडर’ म्हणजे कालांतर, ‘टाइम’ म्हणजे समय. तेव्हा ‘वखत’, ‘तारीख’ हे परके शब्द घरातून हाकला, असा एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला आणि आठवीतल्या भाचीने आजीला ‘वखत म्हणू नकोस’ म्हणून टोकलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचा सगळा भार ज्योतिषी वराहमिहिरावर. त्याच्या सहाव्या शतकातल्या बृहज्जातक या ज्योतिषग्रंथात ओळ आहे खरी: ‘होरेत्यहोरात्रविकल्पमेके वाञ्छन्ति पूर्वापरवर्णलोपात्’. अहोरात्रातलं पहिलं-शेवटचं अक्षर गाळून होरा, म्हणजे तास; आणि होरेचाच पुढे ‘अवर’ झाला, असं मेसेजचं म्हणणं. पण त्यातला ‘एके’ वाचा ना! काहीजण असं मानतात, एवढंच तो सांगतो. त्याच अध्यायात राशींची नावं येतात क्रिय, ताबुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक. ही ग्रीक क्रिओस, टाउरोस, डिडिमोई, लेओन, पार्थेनोस, झिगोन. होराही तिथलाच. वराहमिहिराच्या हजाराहून अधिक वर्षं आधी ग्रीक कवी होमरच्या काव्यात तो ऋतू या अर्थाने आहे. तिथून लॅटिन, फ्रेंच, मग इंग्रजी. आपल्याकडे दिवसाच्या 60 घटिका आणि 30 मुहूर्त; 24 भाग होरेबरोबर आले.

कॅलेंडरचं मूळ लॅटिन: महिन्याचा पहिला दिवस, व्याज चुकतं करायचा दिवस, त्यावरून हिशेबाची वही. ‘टाइम’ जर्मानिक कुळातला, भरतीच्या ‘टाइड’चा सख्खा भाऊ. समयाशी नातं नाही.

‘काळ’ मोजण्याच्या ‘कल्’ धातूपासून, हे मेसेजमधलं म्हणणं मात्र मान्य. घड्याळही आपल्या घटीचंच, पाण्यावर तरंगत 24 मिनिटांत बुडणाऱ्या पात्राचं.

खरा राग ‘वखत’वरून. अरबी ‘वक्त’ फारसीमार्फत आला, कबूल. पण ‘वखत पडला’ म्हणताना आजी कुठली परकी भाषा बोलते? अडचणीची, नडीची वेळ, हा अर्थ मराठी संसारातच मुरलाय. आणि हे सोलापुरात? एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू ऐकू येते इथे. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरी ‘वेळ’ला ‘वेळा’ म्हणतात, शेजारी कानडीत ‘वेळे’, तिघांचं मूळ संस्कृत ‘वेला’. त्यांनी मग तो परका म्हणून टाकून द्यायचा का? शब्द उसना घेतल्याने तेलुगू बाटली नाही, मराठीही बाटलेली नाही. पोरांकरवी म्हाताऱ्या माणसाची जीभ आवळणं हे भाषाप्रेम नव्हे, साधा उद्धटपणा आहे.

‘तारीख’ नको तर ‘दिनांक’ लिहा, कुणाची हरकत नाही. पण वराहमिहिराची ओळ पुन्हा टाकाल तेव्हा राशींच्या नावांचा श्लोकही सोबत टाका.