बास पडला की हेडलाइट मिचमिचतात, त्यात कौतुक कसलं?

हल्ली असे रील बरेच दिसतात. बूटमध्ये भलामोठा वूफर, समोर भिंतीवर हेडलाइटचा झोत, आणि दर ठोक्याला तो मंद होतोय. वर लिहिलेलं, 'सिस्टीम बघा!' सिस्टीम दिसली, भाऊ. इंजिनवर फिरून वीज बनवणारा डायनॅमो कमी पडतोय, तेही दिसलं.

यावर दुकानात हमखास गळ्यात मारतात तो कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटक्यात देणारा डबा. चकचकीत नळकांडं, वर निळे आकडे, दिसायला झकास. माझ्या मते पैसे पाण्यात. 1 फॅरडचा कपॅसिटर 14.4 व्होल्टवरून 12 वर उतरेपर्यंत जेमतेम 32 ज्यूल देतो. खरोखर 1000 वॉटचा क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप्लिफायर, म्हणजे अँप, पूर्ण जोरात वाजताना 1250 वॉटच्या आसपास ओढतो. म्हणजे कपॅसिटर पुरला सेकंदाचा चाळिसावा भाग. 40 हर्ट्झच्या बासचं एक आवर्तन, बस्स. एखादा सुटा ठोका सावरेल. सलग बास सुरू झाला की तोच डायनॅमोपुढे हात पसरतो.

मूळ दुखणं मागणी-पुरवठ्याचं. 1250 वॉट म्हणजे 13.8 व्होल्टला 90 अँपिअर. लहान हॅचबॅकचा डायनॅमोच बऱ्याचदा 70 ते 90 अँपिअरचा असतो, आणि तो आकडा इंजिन चांगलं फिरत असतानाचा. सिग्नलला उभे असताना त्याच्या निम्माही मिळेल याचा भरवसा नाही. त्यातून एसी, पंखा, दिवे आपापला वाटा आधीच घेतात. उरलेला भार बॅटरीवर, आणि मग व्होल्टेज बसतं. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज 10 टक्के उतरलं की उजेड जवळपास 30 टक्के पडतो, म्हणून डोळ्याला लगेच जाणवतं. एलईडीवाल्यांनी खूश होऊ नये. तुमचे दिवे स्थिर दिसतील, बॅटरी मात्र तशीच पिळून निघते.

खरेदीपासूनच गोंधळ सुरू होतो. खोक्यावर '3000 वॉट', आणि अँपच्या मागे 30-30 अँपिअरचे दोन फ्यूज. 60 गुणिले 13.8, त्यातले 80 टक्के (बाकी उष्णतेत जातात): साधारण 660 वॉट. खोकं काहीही म्हणो, सलग तेवढंच मिळणार. मी तर अँप हातात घेतला की आधी फ्यूज बघतो, मग किंमत विचारतो.

यानंतर पैसे घालायचेच तर आधी बॉनेटखाली घाला. डायनॅमोच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत, अशा तीन जाड केबल. कंपनीच्या वायर तशाच राहू द्या, या जोडीला टाका. मागे अँपकडे कितीही जाड वायर नेलीत तरी त्याने हेडलाइट सुधारत नाहीत, अँपचं पोट भरतं इतकंच. केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. वरून पांढरी, आत लाल असेल तर कल्हई केलेलं तांबं, बिनधास्त घ्या. अँपच्या वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच; तो नसेल तर वायर घासून शॉर्ट झाल्यावर गाडी पेटू शकते. अर्थिंग देताना रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) बसवा. सीट बेल्टच्या बोल्टवर अर्थ देणाऱ्याला तर दुकानाबाहेरच काढायला हवं. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसला करंट सेन्सर असतो, तिथे अँपचा अर्थ आणि वरची मायनसची जादा केबल थेट टर्मिनलवर न घेता सेन्सरच्या पुढे, बॉडीकडच्या बाजूला घ्या, नाहीतर ईसीयूचं (गाडीच्या कॉम्प्युटरचं) गणित चुकतं.

एवढं करून मल्टीमीटर बॅटरीला लावा. इंजिन, एसी, दिवे चालू, आवाज रोजचा. काटा 12.6 व्होल्टच्या खाली राहिला तर बॅटरी रिकामी होतेय. मग मोठी एजीएम (सीलबंद, जोरदार करंट देणारी) बॅटरी घेऊन थोडी उसंत मिळते, पण तीही भरायची डायनॅमोनेच.

शेवटचा खर्च मोठ्या डायनॅमोचा. रीवाइंड करून '150 अँपिअर' सांगणारे बरेच भेटतील. त्यातले काही रेस दिल्यावर तेवढे देतात आणि स्लोवर कंपनीच्या डायनॅमोपेक्षाही कमी. म्हणून इंजिन गरम झाल्यावर, स्लोवर, लोड टाकून क्लॅम्प मीटरने करंट मोजून दाखवायला सांगा, आणि मगच पैसे द्या.