क्षणभर काळा होणारा पडदा

लेखात ‘ड्रॅगन्स लेअर’ या व्हिडिओ गेमला ‘बघायचं कार्टून, खेळ नावापुरता’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. १९८३ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या ठिकाणी, ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं हलत होती. तेव्हा डिस्नेतून बाहेर पडलेल्या डॉन ब्लूथ यांच्या स्टुडिओने हाताने काढलेलं वीसेक मिनिटांचं अ‍ॅनिमेशन लेझरडिस्कवर, म्हणजे चित्रपट साठवायच्या मोठ्या तबकडीवर, चढवलं. कल्पना रिक डायर यांची. पैसे वाचवायला आवाजसुद्धा स्टुडिओतल्याच माणसांनी दिले!

आणि खेळ होताच की. योग्य क्षणी जॉयस्टिक वळवली नाही, तर डिस्क थेट मरणाच्या दृश्यावर उडी मारायची. ती उडी मारताना पडदा क्षणभर काळा व्हायचा, आणि मग खेळाचा नायक डर्क याचा सांगाडा होऊन कोसळायचा. मी हा खेळ खूप उशिरा, कॉम्प्युटरवर खेळलो, तरी त्या सांगाड्याने छातीत धस्स व्हायचं.

एक मुद्दा लेखात यायलाच हवा होता. डिस्क चालवणारे ते प्लेअर काही दिवसभर अशा उड्या मारण्यासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे सारखे बिघडायचे. शिवाय एका डावाला पन्नास सेंट, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. लेझरडिस्कवरच्या खेळांची ही लाट लवकर ओसरली त्यात या दोन्हींचा मोठा वाटा आहे. त्याचा दोष चित्रकारांच्या माथी मारू नका.