फिरकीधारी जावई

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला जावयाला काळा कुर्ता घालतात, गळ्यात हलव्याचा हार अडकवतात, हातात हलव्यानं मढवलेला नारळ देतात आणि पाटावर बसवून फोटो काढतात. इथवरची माझी तयारी होती. त्यानंतर त्याच वेषात पतंग उडवायला गच्चीवर नेऊन उभं करतात, हे साताऱ्यात कुणी सांगितलं नव्हतं.

माझं सासर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. मंडळी गायकवाडांच्या मागोमाग कधीतरी इकडे आली आणि इथलीच झाली. गणपतीत आरत्या आपल्याच, पण रविवारी फाफडा लागतो आणि वाक्याला शेपूट म्हणून 'ने' लागतो. "जिजाजी, फिरकी धरता येते ने?" मेहुण्यानं विचारलं. हो-नाही म्हणायच्या आत ती माझ्या हातात होती.

गच्चीवर हुद्दे ठरलेले असतात. उडवणारा सर्वांत वर, त्याखाली कण्णी बांधणारा, मग लांब जाऊन पतंग हवेत सोडणारा. यातलं काहीच न जमणाऱ्याला फिरकी. फिरकीवाल्यानं आकाशाकडे बघायचं नसतं. बघितलं की दोऱ्याचा गुंता होतो. त्यामुळे वर काय चाललंय ते मी दोऱ्यावरून ओळखायला शिकलो. दोरा सरसर सुटला की पेच लागला, एकदम ढिला पडला की आपला पतंग गेला. आणि गेला की दोष फिरकीचा. "ढील अडकली!" असं सगळे एका सुरात म्हणतात. आपण कापला तर मात्र श्रेय हाताचं, मांजाचं, वाऱ्याचं, अगदी सकाळी खाल्लेल्या जिलबीचंसुद्धा.

उडवत कोण होतं? माझी बायको. काळी चंद्रकळा, नाकात हलव्याची नथ, बोटांना चिकटपट्टी. पेच घेताना तिच्या हलव्याच्या बांगड्या झडत होत्या आणि ते दाणे शेजारचं पोर वेचून खात होतं. ते संपल्यावर त्याची नजर माझ्या हाराकडे वळली. माझे दोन्ही हात गुंतलेले. दुपारपर्यंत गळ्यात नुसता दोरा उरला.

काळा रंग ऊब धरतो म्हणून थंडीतल्या या सणाला काळं घालायचं, हे शास्त्र मला मान्य आहे. फक्त ते भर दुपारी, सावली नसलेल्या गच्चीवर तपासायला मी गेलो नसतो.

आपल्याकडे हा दिवस गोड बोलण्याचा. इथं पटेलकाका, जे एरवी जिन्यात भेटले की "केम छो, जमाई" म्हणून वितळतात, ते गच्चीवरून माझ्या सासऱ्यांच्या नावानं पिपाणी फुंकत होते. पलीकडे सिंधी कुटुंब थाळ्या बडवत होतं. मागच्या गच्चीवर विद्यापीठात शिकणारी बिहारी मुलं, आणि त्यांचं "काप्यो छे!" सगळ्यांत खणखणीत. बडोद्यात येऊन त्यांनी पहिलं गुजराती वाक्य हेच पाठ केलं असावं. पतंग कापला गेलेल्या घराला चहूबाजूंनी "ए लपेऽऽट!" मी तर मुकाट्यानं दिवसभर लपेटतच होतो.

तयारी डिसेंबरपासूनच चालू असते. रस्त्याकडेला दोरा ताणून धरतात आणि कारागीर बोटांना चिंध्या गुंडाळून त्यावर काचेची पूड आणि रंग घातलेली लुगदी चोळत फिरतात. दोरा वारात मोजायचा, पतंग कोडीनं घ्यायचे. वीस म्हणजे एक कोडी. मेहुण्यानं 5000 वार दोरा आणला होता. तो एकदा सोडून परत गुंडाळायचा म्हणजे मनगटाचं काय होतं, ते फिरकीवाल्यालाच विचारा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातली. तरी या दिवसांत स्कूटरच्या हँडलवर सळईची कमान लावल्याशिवाय आणि गळ्याला मफलर गुंडाळल्याशिवाय शहाणा माणूस बाहेर पडत नाही. सकाळ-संध्याकाळ पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या वेळेला पतंग उडवू नका, असंही सांगतात. सासरे ते पाळतात आणि तेवढ्या वेळात माझ्या हाताला विश्रांती मिळते, म्हणून मी पक्ष्यांचा ऋणी आहे.

उंधियू उभ्यानंच खाल्ला. म्हणजे सासूबाईंनी भरवला. जांभळा कंद, पापडी, मेथीचे मुठिये; फिरकी न सोडता जेवढं तोंडात मावलं तेवढं. एवढं सुख असल्यावर माणूस नोकरी सोडत नाही.

रात्री वाटलं, सुटलो. दुसरा दिवस आपल्याकडे किंक्रांत. काही शुभ करायचं नाही, घरी बसायचं. इथं संक्रांतीला उत्तरायण आणि या दुसऱ्या दिवसाला वासी उत्तरायण म्हणतात आणि आदल्या दिवशीचं सगळं शिळं पुन्हा गरम करतात, भांडणंसुद्धा. पंचांगातली संक्रांत एखाद्या वर्षी 15 तारखेला सरकली तरी गुजरात 14 सोडत नाही. म्हणजे 14 ला उत्तरायण, 15 ला वासी आणि त्यातच आपली संक्रांत. सुटकेची वाट पंचांगातूनही नाही.

संध्याकाळी खाली हळदीकुंकू झालं. पटेलकाकू, सिंधी काकी सगळ्या आल्या, तिळगूळ घेतला, गोड बोलल्या आणि वर जाऊन पुन्हा थाळ्या बडवू लागल्या. सासूबाईंनी वाण काय लुटलं? बोटांना लावायच्या चिकटपट्टीच्या गुंडाळ्या. फोनवर आईला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, "दोन जास्तीच्या घेऊन ये. विळीवर बोटं कापतात."