केबलचे पैसे रद्द झालेले नाहीत, आणि ती हिरवी पिन उघडू नका

गेले काही दिवस एक लांबलचक संदेश फोनाफोनांतून फिरतो आहे. काल तो फोंड्याच्या मामीकडे पोचला आणि तिने केबलवाल्याला या महिन्याचे पैसे द्यायला नकार दिला. संदेशात पाच दावे आहेत. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, केबलचे १३० रुपये रद्द केले. १०० एमबीपीएसचे पैसे घेऊन कंपनी १२च देते. सेट-टॉप बॉक्स फक्त लुटीसाठी आणला. पावसात लाइन मुद्दाम बंद ठेवतात. आणि शेवटी ‘उपाय’: नेट हळू असेल तर फायबरची हिरवी पिन काढा, आत लाल उजेड दिसतो का बघा आणि टोक ब्लेडने घासा.

आधी हा उपाय घेऊ, कारण बाकीच्या थापांनी फार तर पैशांचा घोळ होईल, यात डोळा आणि लाइन दोन्ही पणाला लागतात. फायबरमधून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, टीव्हीचा सिग्नल त्याच तारेतून येत असेल तर तो १५५० चा. हे दोन्ही अवरक्त आहेत, माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. ‘लाल उजेड’ दिसतो तो तंत्रज्ञाने तुटलेली जागा शोधायला स्वतःचे यंत्र लावले तर. म्हणजे आत काळोख दिसला म्हणून तार बंद आहे असे नाही, आणि प्रकाश दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही. घरापर्यंत येईतो हा प्रकाश बराच क्षीण झालेला असतो, हे खरे. पण खांबावरच्या डबीत, स्प्लिटरच्या (एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या भागाच्या) आधी, तो तसा नसतो आणि कुठली तार कुठली हे बघणाऱ्याला कळत नाही. फायबरचे टोक डोळ्यासमोर धरायचे नाही, एवढेच लक्षात ठेवा.

आता ब्लेड. हिरव्या पिनचे टोक ८ अंशांच्या तिरक्या कोनात घासून गुळगुळीत केलेले असते. प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यावर ब्लेड फिरवले की ती पिन गेलीच, नवी जोडावी लागते. तोंडाने फुंकर मारली तरी ओल बसते. पुसायचीच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारा कागद लागतो. निळी पिन हिरव्या सॉकेटात घातली तरी सिग्नल पडतो, कारण दोघींची टोके एकमेकींना नीट टेकत नाहीत. तुम्ही करण्यासारखे काम वेगळे आहे. घरातल्या फायबरच्या डबीवरचा ‘लॉस’ (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल आहे का बघा. तार खिळ्याला घट्ट गुंडाळली असेल तर सोडवा, वळण तीन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. तंत्रज्ञ आला की मीटरवरचा आकडा, म्हणजे प्रकाश किती ताकदीने पोचतो ते, विचारा. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या खाली गेला की नेट अडखळणार.

पैशांचे सांगायचे तर संदेश लिहिणाऱ्याने ट्रायचा आदेश वाचलेलाच नाही. फेब्रुवारी २०१९ पासून १०० वाहिन्यांना नेटवर्क शुल्क कमाल १३० रुपये होते, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पुढे तेवढ्यातच २०० वाहिन्या द्यायला लावल्या. ८ जुलै २०२४ च्या दुरुस्तीने रद्द झाली ती ‘कमाल’ मर्यादा. शुल्क रद्द झालेले नाही. आता कंपनी दर स्वतः ठरवते आणि तो तिने जाहीर करायचा असतो. त्यामुळे कमी दर मागायला वाव आहे, एवढे मात्र मान्य करावे लागेल. पण ज्याला पैसे नाकारले, तो वाड्यावरचा केबलवाला वेगळा करार नसेल तर या शुल्काचा ४५ टक्के धनी, म्हणजे १३० मधले साडेअठ्ठावन्न रुपये. खांबावर चढणारा पोरगा त्यातूनच पोसला जातो. पे वाहिन्यांच्या किमतीतला मोठा वाटा तर वाहिनीवाल्यांकडेच जातो. महिन्याचे पैसे नकोच असतील तर डीडी फ्री डिश आहे, थाळी आणि बॉक्स एकदा घेतले की झाले.

१०० आणि १२ चा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये दिसतो. ८ बिट म्हणजे १ बाइट, १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. चोरी झालेलीच नाही! खरोखर मोजायचे तर राउटरला लॅन वायरने लॅपटॉप जोडून मोजा. आपल्याकडच्या चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडच्या खोलीत वायफाय मोजून कंपनीला दोष देता येत नाही. जुन्या तांब्याच्या केबलवर मात्र संध्याकाळी नेट मंदावते, कारण एका नोडवरची (वस्तीला लाइन वाटणाऱ्या ठाण्यावरची) सगळी घरे तीच क्षमता वाटून घेतात. ती तक्रार रास्त आहे.

बॉक्सबद्दल थोडक्यात. जुन्या पद्धतीत एका ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकच वाहिनी बसायची, डिजिटलमध्ये त्याच जागेत डझनभर बसतात. शिवाय केबलवाले वरच्या कंपन्यांना ग्राहक कमी दाखवत, ते बॉक्समुळे मोजता येऊ लागले. मोठ्या शहरांनंतर उरलेल्या शहरी भागांना ३१ डिसेंबर २०१५ आणि गावांना ३१ मार्च २०१७ ही मुदत कायद्याने दिली होती. कुठल्या एका कंपनीची ती लहर नव्हती.

पावसात लाइन जाते, कारण तांब्याच्या केबलवर वाटेत सिग्नल वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर असतात आणि त्यांना वीज लागते. माडाचे चुडत पडून वाड्याची वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी पुढची लाइन मेलेली असते. जोडाला रबरी टोपी नसेल तर आत पाणी शिरते, खाऱ्या हवेत पिन गंजून हिरवी पडते आणि चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते. तो जोड कापून नवा घालावा लागतो, पुसून भागत नाही. फायबरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून वीज गेल्यावर घरातली डबी आणि राउटर १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर ठेवले तर नेट चालू राहते. यूपीएस घेण्याआधी दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, काही राउटर ९ व्होल्टचे असतात.