95 चं पेट्रोल टाकू नका म्हटल्याबद्दल मिळालेल्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुळजापूरच्या घाटात गाडी खडखडते म्हणून 2017 ची 125 सीसी गाडी आमच्याकडे दिली. '95 चं (जास्त ऑक्टेनचं, महाग) पेट्रोल टाकू का' विचारलं, तर मी गरज नाही म्हणालो आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलून बिल केलं. पुढे तुम्ही आपल्या मनाने 95 टाकलं आणि खडखड गेली. म्हणजे काम पेट्रोलनेच झालं असतं, हेडचा खर्च वाया गेला. शिवाय बाहेरच्या देशात 93 टाकतात आणि आम्ही गिऱ्हाइकाला 91 वर, म्हणजे साध्या पेट्रोलवर, गप्प बसवतो, असंही तुम्ही लिहिलंय. तुमचा रिव्ह्यू वाचून दोन-चार गाडीवाले मलाही तेच विचारून गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गाडीचं. खडखड दोन तऱ्हेची असते. गाडी उभी असताना टकटक येत असेल तर बहुतेक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर ते नॉकिंग. मागे माणूस बसवून तुमच्या गाडीची ट्रायल मी स्वतः घेतली. चौथ्या गिअरला, कमी स्पीडवर आवाज आला, तिसरा टाकला की गेला. म्हणजे नॉकिंग. एअर फिल्टर काढला तर तो धुळीने इतका चोंदला होता की उजेडाकडे धरला तरी पलीकडचं दिसेना. प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं असायला हवं, ते काजळीने कोरडं काळं होतं. फिल्टर चोंदला की कार्बोरेटरच्या गाडीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं, अर्धवट जळतं आणि काजळी आतच बसते. म्हणून तुम्हाला फोन करून, तुम्ही हो म्हटल्यावरच हेड खोललं. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनची पापडी धरली होती. स्क्रॅपर लावल्यावर तिचे तुकडे निघाले. त्याचा फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला आहे.

हा कार्बन दोन उपद्व्याप करतो. चेंबरमधली जागा अडवतो, त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती दाबलं जातं ते, वाढतं. आणि तापलेला राहतो, त्यामुळे प्लगची ठिणगी पडल्यावर कडेचं मिश्रण आपली पाळी येण्याआधीच पेटतं. तोच तो आवाज. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 वर गेला की याला आणखी जोर चढतो.

आता तुमच्या म्हणण्यातला खरा भाग. कार्बन तसाच ठेवून 95 टाकलं असतं तर आवाज कदाचित कमी झाला असता, हे मी मान्य करतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतं त्याचं माप. 95 चा विरोध जास्त. पण पापडी आतच राहिली असती, चोंदलेला फिल्टर तसाच राहिला असता, आणि लिटरमागे सात-आठ रुपये तुम्ही कायम भरत राहिला असता. तुम्ही 95 टाकलंत ते हेडचं काम झाल्यावर, नवा फिल्टर आणि नवा प्लग बसल्यावर. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या, म्हणून श्रेय पेट्रोलला गेलं. पुढची टाकी साध्या पेट्रोलची भरून त्याच घाटात, तेवढंच वजन घेऊन जाऊन बघा. आवाज आला तर मी हेड पुन्हा खोलीन, मजुरी घेणार नाही.

ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, हा समज मला मनापासून खटकतो, कारण त्यात साध्या नोकरदार माणसाचे पैसे जातात. 91 आणि 95 च्या लिटरमध्ये ताकद जवळपास सारखीच असते. जास्त ऑक्टेनचा फायदा ज्या इंजिनात कॉम्प्रेशन जास्त आहे त्यालाच. तुमच्या गाडीचं कॉम्प्रेशन साधारण 10:1 आहे. यामाहाच्या आर15 चं 11.6:1, केटीएमच्या 390 ड्यूकचं 12 च्याही वर. अशी गाडी घेऊन कोणी आलं तर मी स्वतः सांगतो, 95 टाका, काटकसर करू नका. उलट 350 ची क्लासिक आवाजाने आणि वजनाने केवढी वाटते, पण तिचं कॉम्प्रेशन 9.5:1, म्हणजे तुमच्या गाडीपेक्षाही कमी. तरी माझ्याकडे 100 च्या पेट्रोलची चौकशी सगळ्यात जास्त तेच गाडीवाले करतात. शिवाय तुमच्या गाडीला सीडीआय (ठिणगी पाडणारा साधा इलेक्ट्रॉनिक डबा) आहे, नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर नाही. कुठलं पेट्रोल पडलंय हे तिला कळत नाही, त्यामुळे ठिणगीची वेळ ती पेट्रोल बघून बदलूही शकत नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तकात 91 किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं अनलेडेड पेट्रोल असं छापलंय. मी सांगितलं ते तिथूनच.

बाहेरच्या देशातलं 93. अमेरिकेत पंपावर जो आकडा असतो तो दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असते. आपल्याकडे एकाच चाचणीचा, आरओएनचा (रिसर्च ऑक्टेन नंबरचा) आकडा लावतात आणि तो नेहमी मोठा दिसतो. त्यांचं 87 म्हणजे आपलं साधारण 91, आणि त्यांचं 93 म्हणजे आपलं 97-98. तिकडचीही बहुतेक साधी वाहनं 87 वरच चालतात. व्हिडिओ बघून आकड्याला आकडा लावला की घोळ होतो.

मायलेज पडल्याचंही तुम्ही लिहिलंय. त्या तक्रारीत तथ्य आहे, पण ते ऑक्टेनमुळे नाही. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई20. आपल्याच जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, त्यामुळे इथेनॉल काय हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचं मायलेज ई20 मुळे 3 ते 4 टक्के घटेल असं म्हटलंय. म्हणजे 55 देणारी गाडी 53 च्या आसपास. तुमचं त्याहून जास्त पडलं होतं, ते फिल्टरमुळे आणि मागचा ब्रेक घासत होता त्यामुळे. ब्रेक सैल करून दिलाय, त्याचे पैसे बिलात लावलेले नाहीत.

दुसरी बाजूही आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या पुढे. म्हणून ई20 आल्यावर साध्या पेट्रोलचंच ऑक्टेन 95 पर्यंत गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 मध्ये सांगितलं. मग तुमच्या गाडीला जादा पैसे मोजून मिळणार काय? आणि 95 चं घेतलं म्हणजे इथेनॉल टळतं असंही नाही, त्यातही ते असतं. प्रीमियममध्ये सफाईची औषधं जास्त असतात हे खरं, इंजेक्टरच्या गाडीला अधूनमधून एखादी टाकी टाकायला माझी हरकत नाही.

तुमच्या गाडीत खरी काळजी करायची ती रबराची. 2017 ची गाडी ई20 साठी बनलेली नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप दाबून बघितला तर कडक झाला होता, वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या. बिलात 'पाइप व ओ-रिंग' लिहिलंय ते हेच. त्यातून पेट्रोल झिरपून गरम इंजिनावर पडलं असतं तर काय झालं असतं, हे मला सांगायची गरज नाही. ती नोंद तुम्ही 'उगाच लावलेला खर्च' म्हणून लिहिलीत याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आणि गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

पंपाबद्दल शंका असेल तर भांडत बसू नका, तपासून घ्या. पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं, ते मागून माप बघता येतं. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघता येतो, त्या दिवशीची डेन्सिटीही लिहिलेली असते. हे मागणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

घाटात एवढं करा: डबलसीट असाल तर स्पीड पडायच्या आधी तिसरा टाका. चौथ्यात ओढत राहिलात तर नवी गाडीसुद्धा ठोकेल.

हेडचं काम झालंय, त्यामुळे 500 किलोमीटरनंतर टॅपेट आणि नट एकदा बघायचे असतात, त्याचे पैसे नाहीत. रविवार सोडून कधीही या, पण गाडी रात्रीच आणून लावा, नाहीतर सकाळी ढकलत आणा. टॅपेट थंड इंजिनवरच सेट होतात.